आत आला तो मोजायचाच

सरांच्या घरी दुपारी कोणती भाजी होणार, हे स्वयंपाक करणाऱ्या काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोलाही, सकाळचा चहा होईपर्यंत ठाऊक नसे. ओट्याशेजारी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. त्यात खळीनं चिकटवून बंद केलेली पाकिटं आणि प्रत्येक पाकिटात एका भाजीचं नाव. चहाचा कप खाली ठेवला की सर डोळे मिटून एक पाकीट काढत, फोडत आणि शाळेत हजेरी घ्यावी तसं नाव मोठ्यानं वाचत. कारलं निघालं तर कारलं. पाहुणे येणार असोत की काकूंचं डोकं दुखत असो, फोडलेलं पाकीट बदलायचं नाही. "फोडून पाह्यलं, आवडलं नाही, मंग दुसरं काढलं, तं पाकिटं करायचीच कायले?" असं ते विचारत. या प्रश्नाचं उत्तर काकूंकडे नव्हतं, पण डोकं होतं. एका हिवाळ्यात परसात वांगी उदंड लागली, तेव्हा त्यांनी सगळ्याच पाकिटांत 'वांगं' लिहून ठेवलं.

सरांनी चार दिवस मुकाट्यानं वांगं खाल्लं. पाचव्या दिवशी पाकीट फोडल्यावर त्यांनी पेपराच्या कडेला काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाले, "हे आपोआप होणं शक्य नाही."

काकू म्हणाल्या, "परसात वांगी सडून राहिली अन् मी बाजारातून दोडके आणू काय?"

दुसऱ्या कोणाचा नवरा चिडला असता. सर खूश झाले. त्या दिवसापासून पाकिटं करायचं काम शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेलं. जो रांधतो त्यानं पाकिटं करायची नाहीत, हा नियम आपल्याला बायकोनं शिकवला, असं ते कौतुकानं सांगत. आमच्या केंद्रात कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिला धडा म्हणून ही वांग्याची गोष्ट ऐकावी लागे. मला ऐकवली तेव्हा मी मनात म्हटलं, झालं कल्याण, साहेब डोक्यानं सरकलेले आहेत.

सर टीबीचे डॉक्टर. पण नुसत्या गोळ्या लिहून देणारे नव्हेत. टीबीवरचं नवं औषध जुन्यापेक्षा खरंच बरं आहे का, याची परीक्षा घ्यावी लागते. कोणाला कोणतं औषध मिळेल, किती महिने मिळेल, कोणी काय तपासायचं आणि कोणाला काय कळू द्यायचं नाही, हे सगळं आधी कागदावर आखावं लागतं. ही आखणी म्हणजे सरांचा जीव की प्राण. एका इस्पितळाच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं केंद्र होतं आणि मी तिथं फार्मासिस्ट होते. नंबर घातलेल्या बाटल्या रोग्यांना द्यायच्या, महिन्यानं त्या परत आल्या की उरलेल्या गोळ्या मोजायच्या, हे माझं काम. माझ्याइतकी नेमकी गोळ्या मोजणारी बाई भंडारा जिल्ह्यात दुसरी नाही, असं माझं मत होतं, आणि ते मी कोणापासून लपवूनही ठेवत नसे.

सर अंगानं काटकुळे, पँट पोटाच्या वर बांधलेली, खिशात चार पेन आणि त्यातलं एकच चालणारं. कोणतं चालतं ते त्यांना कधी लक्षात राहत नसे, म्हणून चारही पेन ओळीनं तळहातावर ओढून बघत. त्यांचा तळहात कायम निळा. रोग्याच्या घरी गेले की सरळ चुलीपाशी जात आणि स्वतःच्या हातानं पाणी घेऊन पीत. सुरुवातीला बायका संकोचायच्या. नंतर डाक्टर येणार म्हटलं की माठ घासून ठेवायच्या.

त्यांच्यासमोर 'पेशंट पळाला' असं म्हणायची सोय नव्हती. म्हणालात की शिक्षा ठरलेली. "पळाला? तू पाह्यलं काय त्याले पळताना? जा, पाहून ये, कोणत्या रस्त्यानं पळाला." आणि त्या माणसाला त्याच दिवशी रोग्याच्या घरी जावं लागे. मी एकदा आंधळगावच्या एका माणसाबद्दल तोंडातून ते वाक्य काढलं आणि दुपारच्या उन्हात एसटीनं आंधळगावला गेले. तो माणूस पळालेला नव्हता. बहिणीच्या शेतावर रोवणीला माणसं मिळत नव्हती म्हणून आठ दिवस तिच्याकडे होता, गोळ्यांची बाटली बरोबर घेऊन. मला बघून म्हणाला, "म्याडम, तुमी कायले आल्या? मी येतच होतो ना परवाच्या दिवशी." मी घामानं निथळत तिथंच बसले आणि त्यानं दिलेलं ताक प्याले.

या प्रकारानंतर सरांनी परदेशातून छापून आलेल्या तारखांच्या तक्त्यावर आमचा स्वतःचा तक्ता चिकटवला. छापील तक्त्यात नुसते आठवडे होते, पहिला, दुसरा, सतरावा. सरांच्या तक्त्यात धानाचे पऱ्हे टाकणं होतं, रोवणी होती, कापणी होती, आणि दिवाळीनंतर गावोगावची मंडई, म्हणजे जत्रा, होती. मंडईच्या दिवशी गावात दंडारीचा खेळ असतो, लेकी-जावई आलेले असतात. त्या दिवशी थुंकीचा नमुना द्यायला भंडाऱ्याला कोण येणार? चाचणीचा खर्च करणाऱ्या औषध कंपनीच्या माणसांना हे कळेना. "तुमचा सतरावा आठवडा आमच्या बाया मानत नाही," असं सरांनी त्यांना लेखी कळवलं होतं. मी तो कागद टाइप केला आहे, म्हणून खात्रीनं सांगते.

सरांचं सगळ्यांत आवडतं वाक्य एकच होतं. आत आला तो मोजायचाच. एकदा चाचणीत नाव घातलं, कोणती बाटली ते ठरवणारं पाकीट फोडलं, की तो माणूस शेवटच्या हिशेबात आलाच पाहिजे. गोळ्या ओकून टाकल्या असतील, दारू पीत असेल, गाव सोडून गेला असेल, चुकीचं औषध खाल्लं असेल, तरीही. "नापास पोरं पटावरून काढली तं कोणत्याही शाळेचा निकाल शंभर टक्के लागते," असं ते म्हणत. "मंग त्या शाळेत तू आपली पोरगी घालशीन काय?" हे ते इतक्यांदा म्हणत की आम्ही पाठीमागे त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो. आता लाज वाटते.

दुसरं एक वाक्य ते फक्त रोग्यांना म्हणत, संमतीपत्रावर सही घेण्याआधी. संमतीपत्र कुठल्या तरी शहरात भाषांतरित झालेलं, त्यातलं मराठी वाचताना मलाच धाप लागायची. सर ते बाजूला ठेवत आणि रोग्याच्या बोलीत सांगत. "पाहा, सही नाही केली तरी दवाई भेटन. सही केली अन् मधात सोडलं तरी दवाई भेटन. काहून सोडलं, थे मले सांगाची गरज नाही. मी इचारनार बी नाही." मग तेच वाक्य रोग्याकडून उलट म्हणवून घेत. नाही म्हणता आलं तर सही नाही.

आता त्या चाचणीबद्दल. टीबीचं नेहमीचं औषध सहा महिने घ्यावं लागतं. नव्या औषधांनी तोच टीबी चार महिन्यांत बरा होतो का, हे पाहायचं होतं. निम्म्या लोकांना जुनी औषधं सहा महिने, निम्म्यांना नवी चार महिने. पण कोणाला काय मिळतं हे रोग्याला किंवा आम्हाला कळलं की मन वाकडं चालतं, म्हणून चार महिनेवाल्यांना पुढचे दोन महिने तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या द्यायच्या. सर यावर बेहद्द खूश होते. दोन महिने वाचले तर किती बाया-माणसांच्या किती खेपा वाचतील, हे ते बोटांवर मोजून सांगत.

ही आखणी पक्की करायला एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात बैठक भरली. सरांनी मलाही नेलं होतं. गार हवेचा हॉल, पांढरी टेबलं. पडद्यावर आधी यादी आली, कोणाला चाचणीत घ्यायचं नाही त्याची. दारू पिणारा नको, वजन फार कमी असलेला नको, कामासाठी गाव सोडणारा नको, घर पक्कं नसलेला नको. सर उठून उभे राहिले. "यातलं काहीच नसलेला माणूस आमच्या जिल्ह्यात आहे. पण त्याले टीबी होत नाही." थोडे लोक हसले. दीड तास भांडून सरांनी त्या यादीतली दोन कलमं खोडायला लावली.

मग ते रंगावर आले. टीबीच्या गोळीनं लघवी लालसर होते, हे ज्यानं गोळी खाल्ली त्याला दुसऱ्या दिवशीच कळतं. खोट्या गोळीनं होत नाही. "पाचवा महिना लागला की ज्याले खोटी गोळी चालू झाली त्याची लघवी साधी होईन. मंग कोणापासून काय लपवून राहिलो आपण? खोट्या गोळीतही रंग घाला. एखादं निरुपद्रवी जीवनसत्त्व घाला, पण रंग येऊ द्या."

रोगी इतकं बारकाईनं बघत नाहीत, असं उत्तर आलं.

सर म्हणाले, "रोवणीच्या वेळी आमच्या वीस बाया धानाच्या एका बांधीत असतात अन् लघवीले एकाच धुऱ्याआड जातात. सकाळी एकीले कळलं की भाकर खायच्या वेळेपर्यंत सगळ्या गावाले कळते." पूर्ण हॉल हसला. मी खाली मान घातली, कारण मला वाटलं सर आपली शोभा करून घेत आहेत. गोळ्या आधीच तयार झाल्या आहेत, आता बदल होणार नाही, असं सांगून पडदा पुढे सरकला. सर खाली बसताना माझ्याकडे वळून पुटपुटले, "सगळ्या पाकिटात वांगंच आहे." आपला विरोध त्यांनी लेखी नोंदवला आणि काम घेतलं. घेतलं, कारण त्यांना त्या दोन महिन्यांचा मोह सुटत नव्हता.

करडीच्या दोन जावा आमच्याकडे आल्या त्या फाल्गुनात. आधी थोरलीला टीबी निघाला, मग तपासलं तर धाकटीलाही. थोरली पंचेचाळिशीची, रुंद हाडाची, बोलायला फटकळ. धाकटी तिच्याहून बरीच लहान, पदरात दोन वर्षांचं लेकरू. दोघींचे नवरे एकत्र शेती करत आणि घरात चूल एक. दोघी चाचणीत आल्या, दोघींना वेगवेगळ्या नंबरांच्या बाटल्या मिळाल्या. दर महिन्याला दोघी बरोबर येत, आणि दोघींच्या बाटल्यांत गोळ्या अगदी हव्या तेवढ्याच उरलेल्या असत, एक कमी नाही, एक जास्त नाही. मी बाकीच्या रोग्यांना त्यांचं उदाहरण देत असे. "करडीच्या जावा बघा," असं मी म्हणत असे, "शिका काही त्यांच्याकडून."

सहा महिने झाले. दोघींची थुंकी स्वच्छ. नियमाप्रमाणे पुढे वर्षभर दर महिन्याला झाकणाची डबी देऊन थुंकी तपासायची होती, आजार उलटून येतो का ते पाहायला. माघ महिन्यात थोरली खोकत आली. तपासलं तर जंतू परत आले होते.

मी पहिलं वाक्य काय बोलले? "सर, गोळ्या तर बरोबर मोजल्यात." सरांनी माझ्याकडे बघितलं आणि स्कूटर काढली. मी मागे बसले. करडीला पोचल्यावर ते नेहमीप्रमाणे चुलीकडे पाणी प्यायला गेले आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. फडताळात स्टीलचा एक डबा होता. त्याच्या तळाशी आमच्या गोळ्यांची लालसर भुकटी लागलेली होती.

थोरलीनं काही लपवलं नाही. उलट तिला त्यात अभिमान होता. "डाक्टर, रोवनीत ह्या पोरीची लघवी सादी झाली अन् माही लालच. मंग आमाले समजलं, हिच्या बाटलीत खोटी दवाई हाये. हिचं लेकरू लहान, मी तं आता पिकली. मंग म्या दोन्ही बाटल्या ह्या डब्यात वतल्या. रोज थिले अर्ध्या, मले अर्ध्या, अन् उरल्या त्या महिन्यानं परत बाटल्यात. एका चुलीवर जेवतो तं दवाई येगळी काहून? अन् तुमी सांगतलं होतं चुकवाची नाही, फेकाची नाही. आमी एक गोळी वाया नाही घालवली. म्याडमले इचारा."

म्याडम दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. धाकटीचा उपचार चार महिन्यांतच पुरा झालेला होता, तिला त्या खऱ्या गोळ्यांची गरजच नव्हती. थोरलीला सहा महिने पूर्ण हवे होते आणि शेवटचे दोन महिने ती अर्ध्या औषधावर राहिली होती. मायेनं वाटून खाल्लं आणि आजार उलटला.

सरांनी खाट ओढून तिला हे सगळं समजावून सांगितलं. मग ती म्हणाली, "म्हंजे चूक माही."

"तुही नाही," सर म्हणाले. "ज्यानं गोळीले रंग नाही देला त्याची. अन् माही. मले माहीत होतं. मी कागदावर लिवलं अन् चूप बसलो."

माझी चूक त्यांनी सांगितली नाही, तेव्हा मीच सांगते. मी गोळ्या मोजल्या, पण त्या कोणाच्या पोटात गेल्या हे कधी विचारलं नाही. आकडा जुळला की मी खूश. त्या दिवशी करडीहून परत येताना स्कूटरवर मी रडत होते आणि पुढे बसलेल्या माणसाला ते कळू नये म्हणून खोकत होते. टीबीच्या केंद्रातल्या बाईनं खोकून रडणं लपवावं, हेही जगावेगळंच.

थोरली पुढं बरी झाली हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कोणी जीव मुठीत धरून बसायला नको. तिच्या जंतूंवर जुनी औषधं अजून चालत होती. दुसऱ्या दिवसापासून सरांनी तिचा उपचार सुरू केला, आणि या खेपेला गोळ्या तिच्या एकटीच्या होत्या.

पण सर तिथं थांबले नाहीत. त्यांनी मला कामाला लावलं. चाचणीतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, तुम्हाला कोणती औषधं मिळाली असं वाटतं? मी महिनाभर गावोगाव फिरले. जवळपास सगळ्यांना ठाऊक होतं. पवनीच्या एका किराणा दुकानदारानं मला खोटी गोळी चालू झाल्याचा वारसुद्धा सांगितला. सरांनी प्रत्येकाचं उत्तर जसंच्या तसं लिहिलं, त्यात करडीचा स्टीलचा डबा लिहिला, आणि तो सगळा गठ्ठा कंपनीला आणि चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या नीती समितीला पाठवून दिला. काकू म्हणाल्या, "आता हे केंद्र राह्यते काय?" सर म्हणाले, "नाही राहत." आणि जेवायला बसले.

आठ दिवसांत कंपनीचे देखरेख करणारे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. चाळिशीचा, शांत, बोलायला मऊ. त्यांनी सरांसमोर फाईल ठेवली. "डॉक्टर, दोन नावांचा प्रश्न आहे. त्या दोघींनी स्वखुशीनं माघार घेतली असं झालं, तर बाकीचं सगळं सावरता येईल. उपचार चालूच राहतील, त्यांचं नुकसान काही नाही."

"झालं तर म्हणजे? त्यांनी माघार घेतली नाही."

"आपण विचारू शकतो. तो त्यांचा हक्क आहे. तुम्हीच तर सगळ्यांना सांगता."

सरांनी टेबलावर निळा तळहात आपटला. "हे औषध उद्या देशभर जाईन. करडीत जे झालं ते हजार गावात होईन. तुमाले केंद्र बंद करायचं ना? करा. पण मोजून बंद करा. त्या बाईचा खोकला खोडून बंद नका करू." साहेब म्हणाले, "निर्णय तिचा आहे, डॉक्टर." आणि दुर्दैव असं की ते खरं होतं.

केंद्र पुढं बंदच झालं. पत्रात 'प्रशासकीय कारण' एवढंच लिहिलं होतं. आम्ही सगळे पांगलो. मी आता एका औषधाच्या दुकानात असते. सर पवनीला वडिलांच्या शेतावर राहायला गेले आणि फोन उचलत नाहीत, काकू उचलतात. नंतर दुसरीकडे झालेल्या एका चाचणीत म्हणे खोट्या गोळीलाही रंग होता. तो कोणामुळे आला हे कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "रंग आला ना? मंग झालं." मला मात्र झालं असं वाटत नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

हे सगळं नंतरचं. करडीला सही मागायला साहेबांबरोबर आम्ही गेलो तो दिवस थोरलीच्या नेहमीच्या तपासणीचाच होता. त्यामुळे थुंकीच्या डब्यांचा खोका मी बरोबर घेतला होता आणि साहेबांच्या खुर्चीला टेकून ठेवला होता. सपरीत, म्हणजे पडवीत, साहेब खुर्चीवर, थोरली शाल पांघरून भिंतीला टेकलेली, धाकटी तिच्याजवळ लेकराला मांडीवर घेऊन. सर दूर, ओट्याच्या पार टोकाला बसले होते. आमच्याकडे पाठ नव्हती, पण तोंडही नव्हतं. अंगणातल्या कोंबड्या बघत होते.

साहेबांनी कागद वाचून दाखवला. मग आपल्या मऊ आवाजात म्हणाले, "बाई, सही केली की तुमचं नाव कुठंही येणार नाही. औषधं चालू राहतील. आणि डॉक्टरांनाही पुढं त्रास होणार नाही."

"कोनत्या डाक्टरले?"

"या तुमच्या. हे प्रकरण मिटलं तर त्यांचं केंद्र वाचेल."

थोरलीनं ओट्याच्या टोकाकडे बघितलं. "डाक्टर, सही करू का नोको?"

"ते मी नाही सांगू शकत," सर कोंबड्यांकडे बघतच म्हणाले.

"काहून?"

"तू तुह्या मनानं आत आली. जाशीन तं तुह्या मनानंच. मी बोललो तं ते माह्या मनाचं होईन."

मला त्यांचा असा संताप आला म्हणून सांगू. एरवी दिवसभर बडबडणारा माणूस, हॉटेलातल्या पडद्यासमोर उभा राहून दीड तास भांडणारा माणूस, आणि इथं एका शब्दानं काम होत असताना ओठ शिवून बसला होता. मग पाहिलं, तर लिहायचं काहीच नसताना ते चारही पेन एकामागून एक तळहातावर ओढत होते. हे पाहिल्यावर त्यांच्यावरचा माझा राग गेला, पण मी तरी काय बोलणार? मलाही बोलायची परवानगी नव्हती.

धाकटी हळूच म्हणाली, "करून टाका ना बाई सही. डाक्टरायचं काम राह्यन."

थोरलीनं कागद हातात घेतला. तिला नाव लिहिता येत होतं, तेवढंच. ती खोकली, पदरानं तोंड पुसलं आणि साहेबांना विचारलं, "ह्या कागदावर सही केली तं माहा खोकला लिवला जाईन का नाही?"

साहेब खोटं बोलले नाहीत. "नाही. म्हणजे, अभ्यासात धरला जाणार नाही."

"अन् आमी दवाई वाटून खाल्ली, थे?"

"तेही नाही."

"मंग पुढच्या गावची बाई बी असंच करन. थिचीबी जाऊ असन. थिले कोन सांगन?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"मी बिमार पडली, थे लिवा," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला आणि धाकटीच्या मांडीवरचं लेकरू तिच्याकडे बघायला लागलं. "काहून पडली, थेही लिवा. चूक हाये तं माह्या नावानं लिवा, मी भेत नाही. डाक्टरचं काम जाईन तं थो दुसरं पाहीन, थो काही उपासी नाही मरत. पन मले काढू नोका. मी आत हाओ. मले मोजा."

तिनं कागदाची घडी घातली आणि दोन्ही हातांनी, पाहुण्याला पान द्यावं तशी, ती साहेबांना परत दिली. ओट्याच्या टोकाला सरांनी चष्मा काढला होता आणि तो सदऱ्याच्या टोकानं पुसत होते.

"आता या महिन्याची डबी द्या," थोरली म्हणाली. "थुका द्याचा राह्यला माहा."

डब्यांचा खोका साहेबांच्या पायाशी होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जागची हलले नाही. मग ते वाकले, खोक्यातून एक डबी काढली, झाकण घट्ट आहे का ते बघितलं आणि स्वतःच्या हातानं तिला दिली.